न आलेल्या विमानाचा हंगाम

आंब्याची आढी लावली की आमच्या घराचा वास बदलतो. माजघरात सुक्या गवताचा, देठाच्या चिकाचा आणि त्यातूनच हळूहळू गोड होत जाणारा एक वास साठत जातो. तो कपड्यांना लागतो, उशांना लागतो, माझ्या शाळेच्या पिशवीतल्या पेपरांच्या गठ्ठ्यालासुद्धा लागतो. यंदाही लागला. नववीच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिका तपासत बसले होते. एका पोराने अक्षांश आणि रेखांश यांची बिनदिक्कत अदलाबदल करून टाकली होती. मी लाल पेन उचललं आणि तसंच धरून बसून राहिले. मला चार वर्षांपूर्वीचा हंगाम आठवला. आठवला म्हणते, पण तो गेला होता कुठे?

बाहेर खळ्यात कॅप्टन टेम्पो भरून घेत होते. कॅप्टन म्हणजे माझा नवरा, अनंत. एकोणीस वर्षं मालवाहू विमान चालवलं, म्हणून गावाने त्यांना कॅप्टन केलं आणि चिडवता चिडवता मीही तेच म्हणायला लागले. आता विमान सुटलं, नाव मात्र सुटलं नाही. टेम्पो भरायची त्यांची एक तऱ्हा आहे. आधी सगळ्या पेट्या खळ्यात मांडून घ्यायच्या, प्रत्येक पेटी हाताने उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, मग जड कुठे, हलकी कुठे, डावीकडे किती, उजवीकडे किती, हे ठरवूनच पहिली पेटी चढवायची. टेम्पोवाला दरवर्षी वैतागतो.

"कॅप्टन, टेम्पो आसा ह्यो, विमान न्हय."

"फोंड्याच्या घाटाक लागलंस काय कळतलां," कॅप्टन म्हणतात.

बस, इतकंच. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांपैकी हे अर्धे असतात. पूर्वी हाच माणूस माल मागे सरकला तर चढाला पुढची चाकं कशी हलकी होतात, हे समोरचा जांभया देईपर्यंत समजावून सांगायचा. मीच कितीदा म्हटलंय, "पुरे आता, त्या बिचाऱ्याक जावंदे." आता मी खिडकीतून बघते आणि वाट बघते, की एखादं वाक्य जास्तीचं बोलतील. बोलत नाहीत.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. आमच्या आळीत दर दोन घरांआड एक बोटीवरचा माणूस. वर्षावर्षाने यायचे, येताना साबण आणि रेडिओ आणायचे, महिनाभर पाहुण्यासारखे राहायचे आणि परत जायचे. त्यांच्या बायका बंदरावर पोचवायला जाऊन आल्या की दोन दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत. मी त्यांना बघून लहानपणीच ठरवलं होतं की बोटवाला करायचा नाही. मग काय केलं, तर विमानवाला केला. वडील हेडमास्तर. ते हसून म्हणाले होते, "विमान लवकर पोचता गो, लवकर येतलो." त्यांना काय ठाऊक, विमान लवकर पोचतं ते लवकर दुसरीकडे जाण्यासाठी.

त्यातही लग्नानंतर काही वर्षांनी मालवाहू. प्रवाशांच्या विमानाला निदान वेळापत्रक तरी असतं. मालाला नसतं. औषधं, यंत्रांचे सुटे भाग, कोलंबी, फुलं, जे जिथे तातडीने हवं तिथे जायचं. आणि उन्हाळ्यात आंबा. चैत्र-वैशाखात आखातात इतका आंबा जातो की त्या दोन महिन्यांत कंपनी कुणालाच सुट्टी द्यायची नाही. म्हणजे गंमत बघा. हापूसच्या गावातला माणूस, घरची साठ कलमं, आणि एकोणीस वर्षांत एकदाही तो हंगामात घरी नव्हता. कुठल्या तरी परक्या विमानतळावरून फोन यायचा, "आज अख्ख्या विमानात आंब्याचो वास भरलोहा. घरात इल्यासारख्यां वाटता." मी इकडे आढीतले आंबे चाचपत असायचे. म्हणायचे, "तिकडेच खावा मगे." माझी जीभ मेली पहिल्यापासून अशीच.

तर त्या वर्षी, शिमग्याच्या आधी, कंपनीची दोन्ही जुनी विमानं जमिनीवर आली. फार जुनी झाली होती. कंपनीने सगळ्या वैमानिकांना सांगितलं, की घरी जा, नवीन मालवाहू विमान येतंय, आलं की बोलावू. कॅप्टन दोन बॅगा घेऊन आले. गणवेशाचे चार शर्ट कपाटात लावले. मी मनात म्हटलं, आठ दिवसांत बोलावणं येईल. आठाचे पंधरा झाले, महिना झाला. कैऱ्यांना कोय धरली, आंबा पाडाला आला, आणि माणूस घरातच.

त्या हंगामाचं काय काय सांगू? सकाळी मी शाळेला निघताना हे झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन कलमावर चढलेले असायचे. आधी आंबे फुटायचे, देठ तुटायचे, चीक उडून हातावर डाग पडायचे. मग जमायला लागलं. कुठलं कलम लवकर येतं, कुठल्या फळात साका निघतो, म्हणजे वरून सोन्यासारखं आणि कापल्यावर आत पांढरं भुसभुशीत, हे त्यांना झाडागणिक पाठ झालं. संध्याकाळी तळ्याच्या काठाने भगवतीच्या देवळापर्यंत चालत जायचो. लग्नाला पंचवीस वर्षं होत आलेली, मुलगी पुण्यात नोकरीला, आणि आम्ही दोघं नव्याने ओळख झाल्यासारखे चालायचो. मला त्यांच्या पायांचा वेगसुद्धा ठाऊक नव्हता. माझ्यापेक्षा हळू चालतात, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. परसात बसून आंबे खायचो, कोपरापर्यंत रस ओघळायचा, आणि हे मध्येच थांबून म्हणायचे, "ह्यां मी एकोणीस वर्सां कसां सोडलंय गो?" मी म्हणायचे, "तुमीच जाणा." आतून मात्र मी इतकी सुखात होते की त्या सुखाचीच भीती वाटायची.

आणि या सगळ्यात दिवसभर एकच विषय. विमान.

जयवंत म्हणजे त्यांचा कंपनीतला जोडीदार, फोंडाघाटचा. तोही घरी बसलेला. दोन-तीन दिवसांनी मोटरसायकल काढून यायचा. घरात फोनला रेंज नाही. रेंज येते ती विहिरीच्या काठावरच्या एका दगडावर. हे दोघे पन्नाशीतले बाप्ये त्या दगडावर खांद्याला खांदा लावून बसायचे आणि फोनमध्ये डोकं घालायचे. वैमानिकांचा एक ग्रुप होता, त्यावर दिवसभर अफवांचा पाऊस. मग जयवंत विहिरीवरूनच हाळी द्यायचा.

"वयनी, च्या टाका. बातमी आसा."

"आज किती विमानां इली?"

"तीन. दोन नाय, तीन येतत. नि एक आपल्या पठारावरच्या विमानतळार ठेवतले. इथली कोलंबी, आंबो, काजू. बाराय म्हयने माल."

"कोणी सांगल्यान?"

"इंजिनिअराच्या साडवान."

"तुमचां विमान अजून कागदार नाय, नि तुमी तेका जागा शोधतास," मी म्हणायचे. दोघं हसायचे, पण आंबे निवडता निवडता परत तेच. जुनं प्रवासी विमान घेऊन त्याच्या खिडक्या बुजवतात, बाजूला हे एवढं दार कापतात, खुर्च्या काढून जमिनीवर रूळ बसवतात, की झालं मालवाहू. ते काम कुठे चाललंय, किती महिने लागतील, कंत्राट कुणाचं मिळेल, पार्सलवाल्यांचं की औषधवाल्यांचं, कुणाला कुठे ठेवतील. कुणीतरी परदेशातल्या एका रंगकामाच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या विमानाचा फोटो टाकला. शेपटी निळी. आमच्या कंपनीची शेपटीही निळी. झालं, तीन दिवस त्या निळ्या रंगाची चर्चा. आपला निळा असाच की जरा गडद? मला वर्गातल्या पोरांना खडूने नकाशा काढून दाखवल्यासारखं त्यांनी ते समजावलं. माझे कान किटले होते. आज तोच आवाज ऐकायला मी काय वाट्टेल ते देईन.

मग शर्टाचं माप आलं. कंपनीने मेल केला, की नवीन गणवेश शिवायचे आहेत, गळा, छाती, बाही, मापं कळवा. दोघं वेड्यासारखे खूश झाले. मापं मागितली म्हणजे विमान येणारच. नाहीतर कशाला शिवतील कपडे? जयवंताने तर त्यावरून विमानांची संख्यासुद्धा काढली. कितीजणांची मापं मागवली, एका विमानाला किती वैमानिक लागतात, भागाकार करा. आकाशात वादळाच्या पोटातून विमान काढणारी ही माणसं, आणि शर्टाच्या बाहीवर विश्वास ठेवून बसली. मी टेप घेऊन कॅप्टनच्या गळ्याचं माप घेतलं. घरी खाऊन-पिऊन गळा अर्ध्या इंचाने वाढला होता. ते हसले आणि त्यांचा कंठ माझ्या बोटाखाली हलला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण वैशाख लागता लागता परदेशातल्या एका कंपनीचं पत्र आलं, कॅप्टन आणि जयवंत दोघांनाही. विमान तेच, हे दोघं इतकी वर्षं चालवत होते त्याच जातीचं. तीन वर्षांचं कंत्राट. राहायचं वाळवंटातल्या एका शहरात. तीन महिन्यांनी पंधरा दिवस घर. आणि अट, की रुजू होताना वय पंचावन्नच्या आत. जयवंत लहान होता. कॅप्टनना ज्येष्ठात पंचावन्न पूर्ण होत होती. उत्तर द्यायचं पुढच्या सोमवारपर्यंत.

त्यात कोड्यासारखं काही नव्हतं. सोमवारी सही केली, तर हे जाणार. नाही केली आणि कंपनीचं नवीन विमान, तेही त्याच जातीचं, आलं, तर हे इथेच कुठेतरी उडणार आणि घरी येत-जात राहणार. नाही केली आणि विमान आलं नाही, तर यांचं उडणं संपलं. त्या वयात दुसऱ्या जातीचं विमान शिकवायला कुणी घेत नाही. जुनी विमानं तर जगातूनच कमी होत चालली होती. हे मला कॅप्टननीच विहिरीच्या दगडावर बसून समजावून सांगितलं. "म्हणजे ह्यां शेवटचां," ते म्हणाले. मी मान हलवली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत शाळेत फोन वाजला. शाळेत रेंज असते. सुलभा होती, जयवंताची बायको. तिचा सख्खा भाऊ त्यांच्याच कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात.

"ऐक गो," ती म्हणाली. "विमान येवचां नाय. दुसऱ्या कंपनीक गेलां तां. भावान आत्ताच सांगल्यान. साहेब लोक म्हयनोभर तोंड उघडूचे नाय. आमच्या ह्येंनी सही केल्यानी. अनंतभावजींका फोन लागणा नाय, तू घराक गेल्यार सांग. सोमवारच्या आत सांग हां."

"सांगतंय," मी म्हटलं.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी आठवीच्या वर्गात जाऊन मान्सून वाऱ्यांचा धडा शिकवला. व्यवस्थित शिकवला. घरी जाताना वाटेत ठरवत गेले, आता सांगू, हातपाय धुतल्यावर सांगू, चहाबरोबर सांगू. घरी आले तर हे माजघरात उकिडवे बसून आढीतले आंबे परतत होते. अंगात जुनी बनियन, केसांत गवताची काडी. मला बघून एक आंबा पुढे केला, "हो बघ, ह्या आढीतलो पयलो पिकलो." मी तो हातात घेतला, आणि माझी जीभ जी टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

विमान चालवणाऱ्यांत एक शिस्त असते. दोघांपैकी कुणालाही काही वेगळं दिसलं, ऐकू आलं, नुसता संशय आला, तरी ताबडतोब मोठ्याने बोलायचं. लहान-मोठा बघायचा नाही. बघून गप्प बसणं हा त्यांच्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. कॅप्टननी तीच सवय घरात आणलेली. गॅसचा वास आला, बोल. दार उघडं दिसलं, बोल. आमच्या मुलीला त्यांनी असंच वाढवलं. मी तीन दिवस त्यांच्या समोर वावरले, जेवायला वाढलं, देवळापर्यंत चालत गेले, आणि गप्प बसले.

कारण साधं होतं. मला ते हवे होते. घरात. झेला घेऊन, बनियनवर, माझ्यापेक्षा हळू चालणारे. बरं, हवे होते तर तसं म्हणायचं. तेही जमलं नाही. एकोणीस वर्षांत मी "जाऊ नका" असं कधी म्हटलं नव्हतं. बॅग भरून द्यायची, दाराशी उभं राहायचं आणि म्हणायचं, "पोचल्यार फोन करा." मला खात्री होती की माझ्यात आणि विमानात निवड आली, तर माणूस विमानाकडेच जाईल. मग कशाला आपणहून हरायचं?

रविवारी संध्याकाळी देवळातून परतताना ते तळ्याच्या बांधावर थांबले. पाण्याकडे बघत म्हणाले, "उद्या सोमवार. तुका काय वाटता? जाव काय रवू?"

मी म्हटलं, "रवा. विमान येतलां. शर्टाची मापां काय उगीच घेतल्यानी?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुका खात्री आसा?"

"आसा."

"बरां," ते म्हणाले, आणि चालू लागले. सोमवार आला आणि गेला. मंगळवारी आम्ही शेवटच्या दोन कलमांचे आंबे उतरवले.

जयवंत पंधरा दिवसांत गेला. मिरग सुरू झाल्यावर कंपनीचा मेल आला, की विमानाचा करार रद्द झालाय आणि सर्वांना सेवामुक्त करण्यात येत आहे. कॅप्टननी तो विहिरीच्या दगडावर, डोक्यावर छत्री धरून वाचला आणि फोन खिशात टाकून घरात आले. वाटलं, आता ओरडतील, नशिबाला, कंपनीला, मला. त्यांनी विचारलं, "भाजी कसली आसा?" त्यानंतर आठवड्याने कुरियर आलं. कुठल्या तरी शिंप्याला आधीच काम दिलं होतं, त्याने इमानाने शिवून पाठवलं. दोन पांढरे शर्ट, अर्धा इंच वाढलेल्या गळ्याचे. मी ते कपाटात वरच्या फळीवर ठेवले. कुणी घातले नाहीत, कुणी फेकलेही नाहीत.

मला वाटलं होतं, माणूस हळूहळू रमेल. घर आहे, बाग आहे, मी आहे. रमले नाहीत असं कुणी म्हणणार नाही. कलमांची छाटणी करतात, खत घालतात, ग्रामसभेला जातात. पण बोलणं आटत गेलं. आधी विमानाचं बोलणं गेलं, मग बाकीचं. पठारावर विमान उतरतं तेव्हा आमच्या घरावरून आवाज जातो. शाळेतली पोरं अजून धावत बाहेर येतात. कॅप्टन वर बघत नाहीत. पहिल्या वर्षी मी ते दुःख समजून सोडून दिलं. दुसऱ्या वर्षी चिडले, भांडले, "तोंडात गुळणी धरलात काय," असं म्हणून बघितलं. तिसऱ्या वर्षी सवय झाली. देवळापर्यंत अजूनही चालतो. आता ते दहा पावलं पुढे असतात. एकोणीस वर्षं लांब असलेला माणूस फोनवर जितका जवळ होता, तितका या चार वर्षांत ताटासमोर बसून नव्हता. मी त्यांना ठेवून घेतलं आणि ते मला मिळाले नाहीत. असं कसं होतं? वर्गात उभी राहून जगभरचे वारे कुठून कुठे वाहतात ते मी सांगते. माझ्या स्वयंपाकघरात काय चाललंय ते मला सांगता येत नाही.

या सगळ्याला मी मनात एकच उत्तर देत आले. आकाश गेलं, म्हणून माणूस विझला. आणि आकाश मी घेतलं. रात्रंदिवस हेच. ते खोकले तरी मला वाटायचं, माझ्यामुळे. जयवंत सुट्टीवर आला की मी धास्तावून असायचे, की हा आता बोलेल, सुलभाने वयनीक तेव्हाच सांगलेलां म्हणून. तो कधीच बोलला नाही. मी मनात त्याचे आभार मानायचे.

मागच्या आठवड्यात तो येऊन गेला. कंत्राट वाढवून मिळालं, आता परत संपत आलंय. केस सगळे पांढरे. पेट्यांच्या राशीशेजारी बसून परत तेच सुरू. नवीन कंपनी निघतेय, चार मालवाहू घेतायत, आंब्याचं, कोलंबीचं कंत्राट. कॅप्टन ऐकत होते. शेजारच्या लग्नाच्या गोष्टी ऐकाव्यात तसे, मान हलवत. जयवंत उठताना म्हणाला, "तू तेव्हा माझ्यावांगडा येवक व्हया होतंस रे." कॅप्टन म्हणाले, "जावंदे." आणि त्याला द्यायची पेटी दोरीने बांधायला लागले. गाठ नीट मारली, दोनदा ओढून बघितली.

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. वाटलं, हा माणूस अजून त्या निळ्या शेपटीच्या विमानालाच दोष देत असेल, आणि मी समोर बसून आमटी वाढतेय. एकदा मोकळं तरी व्हावं. मग काय व्हायचं ते होऊ दे.

काल दुपारी आम्ही दोघं माजघरात पेट्या भरत होतो. खाली गवत, त्यावर आंबे, देठ सगळे एका बाजूला. मी हातातला आंबा खाली ठेवला.

"एक सांगूचां आसा."

"सांग."

"तेव्हा सोमवारच्या आदी सुलभाचो फोन इलो होतो, शाळेत. विमान येवचां नाय म्हणान तिना सांगल्यान. माका म्हायत होतां. मी तुमका सांगूक नाय."

त्यांनी पेटीत दोन आंबे ठेवले. "म्हायत आसा," ते म्हणाले.

मला वाटलं, माझं बोलणं त्यांना कळलंच नाही. मी परत सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"जयवंत शनवारी सकाळी स्वता इलो होतो. तू शाळेत होतंस. तेना सगळां सांगल्यान. सुलभान तुका फोन केलो, तांय सांगल्यान."

म्हणजे रविवारी तळ्याच्या बांधावर हे उभे होते, ते सगळं माहीत असूनच. विमान येणार नाही हे माहीत. ते मला माहीत आहे, हेही माहीत.

"मग माका इचारलात कित्याक?"

"सही करूची नाय, ह्यां मी शनवारीच ठरयलंय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता. "तो हंगाम बघलंय. म्हटलां, पुरे झालां उडणां, आता घरात रवाचां. फक्त तुझ्या तोंडातसून ऐकूचां होतां. 'माका तुमी घरात व्हये', इतक्यांच. दोनदा इचारलंय तुका."

मी खाली ठेवलेला आंबा परत उचलला.

"तू विमान येतलां म्हणालंस," ते म्हणाले. "एकोणीस वर्सां माल हलयलंय मी. खंय नेतंव तां मालाक कोण सांगणा नाय. त्या दिवशी तू माका तसांच धरलंस, असां वाटलां. तां काय मनातसून गेलां नाय."

इतकं सलग ते चार वर्षांत बोलले नव्हते. बोलून दमल्यासारखे भिंतीला टेकले. आकाश गेलं म्हणून माणूस विझला, असं मी समजत होते. आकाश तर त्यांनी आपल्या हाताने खाली ठेवलं होतं, माझ्यासाठी, शनिवारी सकाळीच, मी शाळेत असताना. मला नुसता हात पुढे करायचा होता. मी खोटं बोलले, ज्याच्यासाठी खोटं बोलायची गरजच नव्हती त्याच्यासाठी.

"माका तुमी व्हये होतात," मी म्हटलं. "अनंत, माका तुमी घरात व्हये होतात." लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा नावाने हाक मारली.

त्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलं, बांधावर बघितलं होतं तसं नव्हे, एखाद्या अनोळखी वयस्कर बाईकडे बघावं तसं, दयेने. मग म्हणाले, "होय काय," आणि पुढची पेटी ओढून घेतली.